फ्रेंच चित्रातला कुत्रा खरा 'कोणीतरी' आहे की नुसता कुत्रा आहे, हे कसं ओळखायचं

प्रश्न असा होता: पॅरिस आणि लंडनची म्युझियम्स बघताना १८व्या शतकातल्या फ्रेंच चित्रांत जिथे तिथे कुत्री दिसली, कुठे शिकारीत, कुठे बाईच्या शेजारी सोफ्यावर, कुठे टेबलाच्या खाली, तर ही खरंच एखाद्या ठराविक कुत्र्याची पोर्ट्रेट्स आहेत का, की जागा भरायला टाकलेली आहेत? आणि स्वतःच्या कुत्र्याचं पोर्ट्रेट करायचं झालं तर त्या लोकांकडून शिकण्यासारखं काय आहे?

मी ऑइलमध्ये कुत्र्यांची पोर्ट्रेट्स करतो, मालकांच्या ऑर्डरवर, तोच माझा धंदा आहे, आणि ही फ्रेंच मंडळी माझ्या कायम डोळ्यासमोर असतात, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

आधी थोडक्यात सांगतो. दोन्ही प्रकार आहेत आणि जास्त करून दुसराच आहे, म्हणजे बहुतेक चित्रांतली कुत्री ही भरतीचीच आहेत. पण त्यातच एक वेगळी लाइन चालते जिथे कुत्रा स्वतःच मॉडेल आहे, मालक चित्रात नाहीच. ही लाइन फ्रान्सच्या दरबारात १७०२ ला पक्की सुरू होते आणि माझ्या मते १७५३ ला तिच्या सगळ्यात वरच्या टोकाला पोचते. ओळखायची टेस्ट सोपी आहे: मनातल्या मनात तो कुत्रा काढा आणि त्याच जातीचा दुसरा ठेवा. चित्राचं काहीच बिघडलं नाही तर ते पोर्ट्रेट नाही. बिघडलं तर आहे.

बिघडत नाही त्याचं उदाहरण आधी. वातो या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र लंडनच्या वालेस कलेक्शन या म्युझियममध्ये आहे, 'ले शार्म द ला व्ही' नावाचं, संगीताची मैफल वगैरे, आणि त्यात एक कुत्रा स्वतःचं अंग चाटत बसलाय, इतका सहज आहे की बघणाऱ्याला वाटतं वातोने समोरच बघून काढला असणार. तर तो कुत्रा रुबेन्सचा आहे, म्हणजे आधीच्या शतकातल्या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकाराचा! फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिच्या राज्याभिषेकाचं जे प्रचंड चित्र रुबेन्सने पॅरिसच्या लक्झेंबर्ग पॅलेससाठी केलं होतं, त्यातून सरळ उचललेला. वातोला तो पॅलेस आतून माहीत होता, तिथे बसून त्याने रुबेन्सचा अभ्यास केला होता. म्हणजे हा कुत्रा जिवंत कुत्र्यावरून आलाच नाही, दुसऱ्या चित्रातून आला. त्याचं काम म्हणजे एवढ्या सिल्कच्या कपड्यांत काहीतरी साधं, घरगुती ठेवणं, आणि ते तो मस्त करतो, पण तो 'कोणी' नाही. फ्रागोनारच्या झोक्याच्या चित्रात (१७६७) कोपऱ्यात भुंकणारं पिटुकलं कुत्रं आहे तेही तसंच, गोष्टीतलं पात्र आहे, लपलेल्या प्रियकराची चोरी पकडणारं. शार्दँच्या 'बुफे'मध्ये (१७२८, लूव्र) फळांच्या ढिगाकडे मान वर करून बघणारा कुत्रा आहे, तो अप्रतिम रंगवलाय, पण त्याचं काम आपली नजर वर फळांकडे न्यायचं आहे. ही तिन्ही चित्रं मला प्रचंड आवडतात, फक्त त्यांना पोर्ट्रेट म्हणू नका.

आता १७०२. माणसाचं नाव आलेक्सांद्र-फ्रांस्वा देपोर्त, जन्म १६६१, आर्देनच्या बाजूच्या खेड्यातला. पॅरिसमध्ये निकासियस बर्नार्ट्स नावाच्या फ्लेमिश चित्रकाराकडे शिकला, तो स्वतः फ्रान्स स्नायडर्सचा शिष्य, म्हणजे प्राणी आणि शिकार रंगवायची अँटवर्पची सगळी परंपरा त्याच्यातून देपोर्तपर्यंत आली. पण त्याच्याबद्दलची जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच आहे: १६९५ च्या सुमारास तो पोलंडला गेला आणि तिथे राजा यान सोबिएस्कीच्या दरबारात माणसांची पोर्ट्रेट्स करत होता. राजा १६९६ मध्ये वारला आणि हा परत आला. माझं ठाम मत आहे की पुढे त्याने कुत्र्यांचं जे केलं ते या पोर्ट्रेटच्या सवयीमुळे शक्य झालं. फ्लेमिश लोक कुत्रा फार जोरदार रंगवायचे, पण त्यांचा कुत्रा म्हणजे झुंडीतला एक, दात, लाळ, रानडुकराच्या अंगावर झेप. समोर बसलेल्याचा चेहरा शेजारच्यापेक्षा नेमका कुठे वेगळा आहे हे शोधायची सवय पोर्ट्रेटवाल्याला असते, ती देपोर्तला होती.

१६९९ मध्ये पॅरिसच्या अकादमीने, म्हणजे चित्रकारांच्या सरकारी संस्थेने, त्याला घेतलं, प्राण्यांचा चित्रकार म्हणून. आता हे समजायला अकादमीची उतरंड माहीत पाहिजे. फेलिबियाँ नावाच्या लेखकाने १६६७ मध्ये ती लिहून ठेवली होती: सगळ्यात वर इतिहास-पुराणातली चित्रं, मग माणसांची पोर्ट्रेट्स, मग जिवंत प्राणी, आणि खाली फळं-फुलं-भांडी. म्हणजे कुत्रा रंगवणारा हा ऑफिशियली माणसं रंगवणाऱ्याच्या खालचा. आणि देपोर्तने अकादमीला दिलेलं चित्र काय, तर स्वतःचंच पोर्ट्रेट, शिकाऱ्याच्या वेशात, हातात बंदूक, जवळ कुत्री, पुढे मारलेल्या शिकारीचा ढीग. लूव्रमध्ये आहे, चुकवू नका. एका कॅनव्हासमध्ये त्याने सांगून टाकलं की मला माणूसही येतो आणि जनावरही येतं.

मग चौदाव्या लुईने मार्लीच्या महालासाठी त्याला काम दिलं, आपल्या आवडत्या शिकारी कुत्र्यांची पोर्ट्रेट्स, स्वतःच्या खोलीच्या आधीच्या दालनात लावायला. राजाला या कुत्र्यांचं वेड होतं, दरबारी आठवणींमध्ये नोंद आहे की त्याच्या खाजगी खोल्यांमध्ये सात-आठ शिकारी कुत्र्या कायम असायच्या आणि त्यांनी आपल्याला ओळखावं म्हणून तो त्यांना स्वतःच्या हाताने भरवायचा. एवढे नोकरचाकर असताना. तर १७०२ ची ही चित्रं: 'बॉन, नॉन आणि पॉन', 'दियान आणि ब्लाँद', 'फोल आणि मित', 'तान'. ही सगळी कुत्र्यांची नावं आहेत, आणि ती कॅनव्हासवरच सोनेरी अक्षरांत लिहिलेली आहेत, ज्या कुत्र्याचं नाव त्या कुत्र्याजवळ. राजघराण्यातल्या माणसांच्या पोर्ट्रेटवर नाव घालावं तसं.

या नावांमुळे काय झालं ते बघा. राजा रोज त्या दालनातून जाणार, त्या कुत्र्या त्याच्याबरोबर आत-बाहेर करणार, आणि वर भिंतीवर त्यांचंच चित्र नावासकट. चित्रकाराला लपायला जागाच राहिली नाही. बॉनच्या कानावरचा डाग जरा इकडे-तिकडे झाला तर राजाला दुसऱ्या मिनिटाला कळणार. माणसाच्या पोर्ट्रेटमध्ये निदान खुशामत चालते, नाक थोडं बारीक करा, हनुवटी उचला, मॉडेल खूश होतं. कुत्र्याला खुशामत कळत नाही आणि मालकाला ती नको असते, त्याला त्याचाच कुत्रा पाहिजे असतो. माझ्या धंद्यात हे आजही तसंच आहे, क्लायंट जातीचं बघत नाही, तो सरळ त्या एका वाकड्या कानाकडे किंवा नाकावरच्या गुलाबी ठिपक्याकडे बघतो.

दुसरी गोष्ट, देपोर्तने त्यांना बसवलेलं नाही, कामाला लावलंय. राजाने बंदुकीच्या शिकारीला नेलं की हा सोबत छोटी वही घेऊन जायचा आणि जागेवर स्केच करायचा. तानच्या चित्रात ती दोन तित्तिरांसमोर थबकली आहे. या जातीच्या कुत्र्याचं कामच ते असतं, वास लागला की जागच्या जागी गोठायचं, शेपूट ताठ, एक पाय अर्धा उचललेला, नाक पक्ष्याच्या दिशेला, म्हणजे मागून येणाऱ्या शिकाऱ्याला कळतं की इथे आहे. चित्रकाराच्या दृष्टीने हे सोनं आहे, कारण कुत्रा स्वतःहून पोझ देतो! आणि ती पोझ खोटी नाही, तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात एकाग्र क्षण आहे. शिवाय प्रत्येक कुत्रा वेगळा थबकतो, कोणी मान खाली घालून, कोणी सगळं अंग लांब ताणून, आणि देपोर्त तोच फरक पकडतो. 'बॉन, नॉन आणि पॉन'मध्ये तिघी साधारण सारख्या अंगाच्या, पांढऱ्यावर चट्टे असलेल्या, तरी तिघी तीन आहेत हे नावं न वाचता पण कळतं.

त्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय आणि मला तो तपशील फार आवडतो. देपोर्त बाहेर जाताना रंग लावून तयार केलेली पॅलेट आणि ब्रश पत्र्याच्या डब्यांत घालून न्यायचा, आणि हातात एक काठी असायची, खाली जमिनीत रोवायला पोलादी अणकुचीदार टोक, वरची मूठ उघडायची आणि त्यात स्क्रूने एक छोटी धातूची चौकट बसायची, तिच्यावर कागद लावायचा. म्हणजे अक्षरशः फिरतं ईझल, आणि हे ट्यूबमधले रंग यायच्या शंभर वर्षांपेक्षा जास्त आधी. कागदावर ऑइलमध्ये केलेले त्याचे हे अभ्यास, झाडं, आकाश, आणि एकेका कागदावर कुत्र्याच्या अनेक पोझेस, डोकी, पंजे, हे ढिगाने उरलेत. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १७८४ मध्ये, ते सेव्हरच्या पोर्सेलिन कारखान्यासाठी विकत घेतले गेले, डिझाइन करणाऱ्यांना नमुने म्हणून, आणि त्यामुळेच वाचले. पूर्ण झालेल्या पेंटिंगपेक्षा हे कागद बघायला मिळाले तर ते आधी बघा. फिनिश्ड चित्रात थोडा दरबार येतो, कागदावर फक्त कुत्रा असतो.

देपोर्त १७४३ मध्ये वारला, पण त्याच्या आधीच मैदानात दुसरा आला होता, ज्याँ-बाप्तिस्त उद्री. जन्म १६८६, पॅरिसचाच, आणि त्याचा गुरू लार्जिलिएर, जो त्या काळातला माणसांच्या पोर्ट्रेटचा मोठा उस्ताद. परत तेच, पोर्ट्रेटच्या घरातून आलेला माणूस. १७१९ मध्ये अकादमीत घेतला गेला तो इतिहास-चित्रकार म्हणून, म्हणजे उतरंडीत सगळ्यात वर, आणि तरी नाव कमावलं प्राण्यांवर. १७२५ पासून त्याने पंधराव्या लुईच्या कुत्र्यांची पोर्ट्रेट्स सुरू केली. तेव्हा राजा जेमतेम पंधरा वर्षांचा पोरगा, शिकारीचा नाद आणि आपली कुत्री रंगवताना बघायची हौस, त्यामुळे उद्रीला काही काम राजासमोर बसून करावं लागलं. कल्पना करा, मॉडेल हलतंय आणि खांद्यावरून फ्रान्सचा राजा बघतोय.

यातली 'मिस' नावाची कुत्री लक्षात ठेवा. लेव्हरिए जातीची, म्हणजे वेगाने धावून पकडणारी, आपल्या कारवानसारखी छाती खोल, कंबर बारीक, पाय लांब. १७२५ च्या चित्रात ती त्युर्ल्यु नावाच्या दुसऱ्या कुत्रीबरोबर आहे, ते फाँतेनब्लोच्या महालात आहे, आणि १७२९ च्या चित्रात ल्युतीनबरोबर, ते आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. एकाच कुत्रीची, एकाच चित्रकाराने, चार वर्षांच्या अंतराने केलेली दोन पोर्ट्रेट्स! तिसऱ्या कोणाची नाही, मिसचीच. पोर्ट्रेट म्हणजे काय याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

दोघांत कोण चांगला असं विचाराल तर माझं मत सांगतो. कुत्र्याचं अंग, वजन कुठल्या पायावर आहे, खांद्याचं हाड कातडीखाली कसं सरकतं, यात देपोर्त पुढे. उद्री कधीकधी नाटकी होतो, भुंकणारा कुत्रा जरा जास्तच तोंड फाडतो आणि डोळे माणसाच्या डोळ्यांकडे झुकतात. पण प्रकाश आणि रंग याबाबतीत उद्रीच्या जवळपास कोणी नाही, आणि विशेषतः पांढरा रंग. इथे जरा थांबतो कारण पोर्ट्रेट करणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात कामाचा भाग आहे.

१७४९ मध्ये उद्रीने अकादमीत रंगावर एक व्याख्यान दिलं, त्यात आपल्या गुरूची गोष्ट सांगितली. लार्जिलिएरने त्याला एकदा अभ्यासासाठी फुलं आणायला सांगितली. पोराने चांगली रंगीबेरंगी फुलं निवडून आणली. गुरू म्हणाला, असं नाही, जा आणि सगळी पांढरी फुलं असलेला गुच्छ आण. मग ती फुलं समोर ठेवून दाखवलं की उजेडाच्या बाजूची पांढरी फुलं आणि सावलीतली पांढरी फुलं यांच्यात किती अंतर आहे, सावलीतलं 'पांढरं' मागच्या फिकट भिंतीपेक्षा चक्क गडद आहे, आणि शुद्ध पांढरा रंग लागतोय तो फक्त काही थोड्या जागी. त्याच व्याख्यानात चांदीच्या भांड्याची गोष्ट आहे: चांदी नेमकी कुठल्या पांढऱ्याची हे कळत नसेल तर तिच्या शेजारी इतर पांढऱ्या वस्तू ठेवा, कापड, कागद, सॅटिन, पोर्सेलिन, आणि मग तुलनेने तुमचं तुम्हालाच दिसेल की चांदीचं पांढरं यातलं कुठलंच नाही. हे त्याने १७५३ मध्ये एका चित्रात करूनच दाखवलं, पांढरं बदक, पांढरा नॅपकिन, पांढरा कागद, चांदीची मेणबत्तीदाणी, सगळं फिकट भिंतीसमोर. कुत्रा नाहीये त्यात, पण कुत्रा रंगवणाऱ्याने ते चित्र पाठ करावं.

कारण काय की राजाची बरीच शिकारी कुत्री पांढऱ्या अंगाची. नवशिका पांढरा कुत्रा रंगवतो तेव्हा ट्यूबमधला पांढरा काढतो आणि सावलीत काळा मिसळतो, मग कुत्रा प्लास्टरचा दिसतो. उद्रीच्या पांढऱ्या कुत्र्याजवळ जाऊन बघा, पोटाखाली जमिनीचा उबदार तपकिरी रंग वर चढलेला असतो, पाठीवर आकाशाचा गार राखाडी, कानाच्या कडेला कातडी पातळ असते तिथून गुलाबी, आणि निव्वळ पांढरा फक्त खांद्यावर किंवा कपाळावर दोन-तीन फटकारे. मी स्वतः पांढऱ्या कुत्र्याचं काम आलं की मालकाला सांगतो, त्याच्या बाजूला एक धुतलेली पांढरी चादर ठेवून फोटो काढा. बहुतेक वेळा त्यात कुत्रा चक्क पिवळसर दिसतो आणि मालकच चकित होतो.

आता ते चित्र, ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहितोय. उद्रीने १७५२ मध्ये केलेलं, आणि १७५३ च्या सलोंमध्ये, म्हणजे अकादमीच्या प्रदर्शनात, लूव्रमध्ये लावलेलं: पिल्लांना पाजणारी शिकारी कुत्री. नाव नाही, राजा नाही, शिकार नाही, लँडस्केपही नाही. आतली अंधारी जागा, खाली गवताचा बिछाना, आणि बाहेरून येणारा प्रकाश थेट तिच्या अंगावर. पिल्लं पोटाशी लगटलेली आहेत, अंगावर अंग टाकून, आणि ती अर्धवट उठून बसलीय, मान वर, काहीतरी चाहूल लागल्यासारखी. आणि तिचा पुढचा एक पाय उचललेला आहे, खाली असलेलं पिल्लू चिरडू नये म्हणून. तो पाय बघा. ज्यांनी घरात व्यालेली कुत्री बघितलीय त्यांना ही हालचाल लगेच ओळखू येईल, आई उठायला बघते, अंगाखाली काय आहे याचा अंदाज नसतो, आणि पाय कुठे ठेवावा हे न कळून तो तसाच हवेत राहतो. ती एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देतेय, बाहेरच्या चाहुलीकडे डोक्याने आणि पिल्लांकडे पायाने. थबकलेल्या तानचा पाय पण उचललेलाच होता, पण तो राजासाठी. हा तिचा स्वतःचा आहे.

पाजल्यामुळे ओढलेलं अंग, पोटाची ताणलेली कातडी, आणि प्रकाश त्याच कातडीवर जिथे ती सगळ्यात पातळ आहे. उद्रीने इथे काही गोड केलेलं नाही. पिल्लं पण 'क्यूट' नाहीत, ती दोन-चार दिवसांची पिल्लं असतात तशी आहेत, जाड मानेची, मिटल्या डोळ्यांची.

आता माझ्याच टेस्टवर अडचण येते, कारण हिचं नाव कॅनव्हासवर नाही, मग ही 'कोणी' आहे का? माझं उत्तर हो. हिला काढून दुसरी ठेवली तर दुसरीला ही चाहूल आणि हा पाय यांच्यामध्ये सापडलेलं असावं लागेल. मिसच्या पोर्ट्रेटमध्ये 'ही राजाची मिस' असं आहे. इथे ही कोणाची हा प्रश्नच येत नाही, तिच्याकडून बघितलेलं जग आहे. पन्नास वर्षांत फ्रेंच चित्रकार कुत्र्याच्या डागांपासून कुत्र्याच्या मनापर्यंत आले, असं मी या चित्रासमोर उभं राहून नेहमी म्हणतो.

आणि हे विकत कोणी घेतलं? बॅरन दोल्बाकने. हा माणूस म्हणजे पॅरिसमधल्या नास्तिक, भौतिकवादी विचारवंतांचा यजमान, दिदरो वगैरे मंडळी ज्याच्या घरी जेवायला जमायची. हा योगायोग नुसता योगायोग म्हणून सोडून देऊ नका. आधीच्या शतकात तत्त्वज्ञ देकार्तने मांडलं होतं की प्राणी म्हणजे यंत्र, आत्मा नाही. १७५० च्या आसपास पॅरिसमध्ये यावर जोरदार वाद चालू होता, १७५५ मध्ये काँदियाक या तत्त्वज्ञाने प्राण्यांवर पुस्तक लिहून म्हटलं की त्यांना संवेदना आहेत, ते तुलना करतात, ठरवतात. अशा वेळी अशा माणसाने हे चित्र घेतलं. यंत्र पाय असा हवेत धरत नाही, हे त्या चित्रासमोर उभं राहून कोणालाही पटेल.

घरातल्या कुत्र्यांबद्दल थोडक्यातच सांगतो कारण यात मला रस थोडा कमी आहे. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर, तिच्या कुत्र्यांची दोन नावं पक्की माहीत आहेत, इनेस आणि मिमी. क्रिस्तोफ युएने त्यांची चित्रं केली आणि फेसारने त्यावरून एन्ग्रेव्हिंग्ज केली, इनेसचं 'निष्ठा' आणि मिमीचं 'सातत्य' अशा शीर्षकांनी, म्हणजे कुत्र्याचं पोर्ट्रेट पण आणि बाईसाहेबांबद्दल राजाला पोचवायचा निरोप पण. चित्रकार बुशेने केलेल्या पाँपादूरच्या मोठ्या पोर्ट्रेट्समध्येही स्पॅनियल आहे, म्युनिकच्या १७५६ च्या चित्रात पायाशी, वालेस कलेक्शनच्या १७५९ च्या चित्रात बाकावर. तिथे कुत्रा खरा आहे, पण नोकरीवर आहे. याला अपवाद म्हणून बाशेलिएचं १७६८ चं छोट्या पांढऱ्या हवाना कुत्र्याचं चित्र बघा, इंग्लंडच्या बोज म्युझियममधलं, मागच्या दोन पायांवर उभं राहून काहीतरी मागणारं, केसांच्या बटा एकेक मोजाव्यात अशा. बाशेलिए सेव्हरच्या कारखान्यात सजावटीचा प्रमुख होता आणि ते चित्रात दिसतं, फिनिश पोर्सेलिनसारखं गुळगुळीत, पण कुत्रा शंभर टक्के कोणाचा तरी लाडका आहे.

ही चित्रं बघताना एक चूक बरेच जण करतात, त्यात आजच्या जाती शोधायला जातात, हा बीगल का, हा पॉइंटर का. तसं करू नका. आज आपण जाती म्हणतो तशी कागदोपत्री व्यवस्था १९व्या शतकातली आहे, इंग्लंडचा केनेल क्लब १८७३ चा. तेव्हा कुत्रा ओळखला जायचा तो कामावरून, वासावर पळणारा, थबकणारा, धावून पकडणारा, पाण्यात जाणारा. ब्युफाँ या निसर्ग-अभ्यासकाने १७५५ मध्ये कुत्र्यांची वंशावळ छापली तीसुद्धा धनगरी कुत्रा मुळाशी धरून सगळे प्रकार त्यातून कसे फुटले अशी होती. त्यामुळे आधी विचारा की हा कुत्रा काय काम करतो, मग चित्र लगेच उलगडायला लागतं.

आता स्वतःच्या कुत्र्याचं करायचं असेल तर यांच्याकडून काय घ्यायचं.

सगळ्यात पहिलं म्हणजे कुत्र्याला बसवून 'स्माइल' करून फोटो काढू नका. त्याचं काम शोधा. शिकारी नसेल तरी प्रत्येक कुत्र्याचं एक काम असतं, कोणी दारातल्या फटीतून रस्ता बघतो, कोणी जेवणाच्या वेळी ओट्याखाली ठाण मांडतो, कोणी गेटचा आवाज आला की एक कान वर करतो. त्या क्षणी तो आपोआप थबकतो, तीच त्याची पोझ. मोबाइल घेऊन स्वतः खाली बसा, त्याच्या डोळ्याच्या पातळीला, आणि जवळ घुसू नका, लांबून झूम करा, नाहीतर नाक भोपळ्याएवढं आणि मागचं अंग उंदराएवढं येतं. उजेड एकाच खिडकीचा घ्या, फ्लॅश नको, फ्लॅशने केसांमधल्या सगळ्या सावल्या मरतात आणि अंगाचा आकारच जातो.

रंगवताना आधी सगळं अंग केसांशिवाय रंगवा, म्हणजे हाडं आणि मोठ्या सावल्या, आणि केस सगळ्यात शेवटी, तेही फक्त जिथे आकार वळतो तिथे, मानेच्या वळणावर, कोपराच्या मागे, छातीच्या खळग्यात. बाकी ठिकाणी बघणाऱ्याचा डोळा केस स्वतःच भरतो. आणि जुन्या चित्रांतला तो गडद तपकिरी मूड जसाच्या तसा कॉपी करू नका. त्या काळात फ्रान्समध्ये कॅनव्हासवर लालसर मातीचा थर आणि त्यावर राखाडी थर देऊन मग रंगवायची पद्धत सर्रास होती, आणि ऑइल काळानुसार जास्त पारदर्शक होत जातं, त्यामुळे पातळ सावल्यांतून खालचा थर वर आलाय. उद्रीने रंगवलं तेव्हा ते एवढं काळवंडलेलं नव्हतं.

डोळे दोन्ही सारखे करू नका, एकात प्रकाशाचा ठिपका ठळक, दुसऱ्यात दबलेला. आणि डाग, चट्टे, फाटलेला कान, पांढरी झालेली हनुवटी, यातलं काहीही दुरुस्त करू नका, मालक कितीही म्हणाला तरी.

पॅरिसला परत गेलात तर लूव्रमध्ये देपोर्तचं सेल्फ-पोर्ट्रेट आणि शार्दँचं 'बुफे' बघून घ्या, मग मारे भागातल्या म्युझे द ला शास ए द ला नात्यूरला जा, शिकार आणि निसर्गाचं म्युझियम आहे ते, १७व्या शतकातल्या एका हवेलीत, गर्दी लूव्रच्या मानाने काहीच नसते. 'बॉन, नॉन आणि पॉन' आणि उद्रीची पिल्लांना पाजणारी कुत्री, दोन्ही तिथल्या संग्रहात आहेत, लावलेली आहेत का ते निघण्याआधी चेक करा. आधी देपोर्त बघा, मग उद्री. एक दिवस जास्तीचा मिळाला तर ट्रेनने फाँतेनब्लो, मिस आणि त्युर्ल्युसाठी.